किरण म्हणाला, की म्हणाली?

समजा, तुमच्या कथेत किरण नावाचं एक पात्र आहे. वय तेवीस, नोकरी पुण्यात, मूळ गाव सांगलीजवळचं. किरण स्वतःला बाई मानत नाही आणि पुरुषही मानत नाही. नाव दोन्हीकडे चालणारं निवडलंत, आता प्रश्न मिटला असं वाटतं. पण दुसऱ्याच ओळीत किरणला दार उघडून आत यायचं असतं आणि तिथेच हात थांबतो. आला? आली? आलं? आले?

इंग्रजीत लिहिणाऱ्याची अडचण सर्वनामापाशी सुरू होते आणि बरीचशी तिथेच संपते, कारण तिथलं क्रियापद कर्त्याचं लिंग विचारत नाही. मराठीत सर्वनाम पार गाळलं तरी क्रियापद चहाडी करतं. ‘किरण दमून आला आणि गप्प बसला’ या वाक्यात सर्वनाम एकही नाही, पण लिंग दोनदा सांगून झालं. शिवाय ‘दमलेला-दमलेली’ आहे, ‘अरे-अगं’ आहे, दादा-ताई आहे. म्हणून ‘पात्राला कोणतं सर्वनाम द्यावं’ या इंग्रजी पुस्तकांतल्या सल्ल्यातलं निम्मं आपल्या उपयोगाचं नाही. आपला प्रश्न सबंध वाक्याचा आहे.

त्याला हात घालण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी. मराठी कथेतलं प्रत्येक लिंगरूप हे कुणाचं तरी मत असतं. आई ‘आला’ म्हणते ते आईचं मत, मैत्रीण ‘आली’ म्हणते ते मैत्रिणीचं. आणि निवेदक? त्याचंही मतच असतं, फक्त छापील असल्यामुळे वाचक ते सत्य समजतो. तेव्हा व्याकरणाकडे वळण्यापूर्वी प्रत्येक वाक्याला विचारा, हे कोण बोलतंय?

ज्या पात्राची ओळख पक्की आहे, त्याचं उत्तर सोपं असतं. सायली ट्रान्स स्त्री असेल तर तृतीयपुरुषी निवेदकाने तिला ‘ती’ म्हणावं. पहिल्या पानापासून म्हणावं आणि तिच्या बालपणाबद्दल लिहितानाही म्हणावं. बरेच लेखक इथे घसरतात. वर्तमानात ‘सायली आली’ आणि आठवणींत ‘तो शाळेत जायचा’, असं लिहिलं की निवेदक वाचकाच्या कानात सांगतो, ‘खरा तो तोच, पुढचं सगळं नंतरचं.’ तुम्हाला तसं सांगायचं नसेल तर सांगू नका. हे करून पाहा:

‘सायली सातवीत होती. स्नेहसंमेलनाच्या नाचात तिला मुलांच्या रांगेत उभं केलं होतं. “हा सारखा मुलींकडे काय बघतो?” सर ओरडले. सायली मुलींच्या हातांकडे बघत होती. गिरकी घेताना मनगट कसं वळतं, ते तिला पाठ करायचं होतं.’

निवेदक ‘ती’ म्हणतो, सर ‘हा’ म्हणतात. दोन रूपांतली ती फट वाचकाला दिसते आणि वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. उलट ‘सायली मुलगा म्हणून जन्मली होती, पण मनाने’ वगैरे परिच्छेद सुरू झाला की कथा थांबते आणि आरोग्यविषयक पत्रक सुरू होतं.

याला अपवाद म्हणजे निवेदक स्वतः कथेतलं पात्र असणं. सायलीचा धाकटा भाऊ गोष्ट सांगत असेल, तर त्याचा ‘दादा’ कधी आणि कसा सुटला हीच कदाचित खरी गोष्ट असेल. तिथे रूप बदलू द्या, पण बदलाची जागा विचारपूर्वक निवडा. शस्त्रक्रियेचा दिवस ही सगळ्यांत आळशी निवड. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क व्यक्तीचाच मानला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा ठरवलं. न्यायालयाने जी अट नाकारली ती आपल्या कथांनी धरून ठेवायचं कारण नाही. भाऊ रेशनकार्डावरची नावं वाचून दाखवताना अडखळतो, किंवा भांडणाच्या भरात त्याच्या तोंडून पहिल्यांदा ‘अगं’ निघून जातं. असले क्षण शोधावेत. व्हर्जिनिया वुल्फच्या ‘ऑर्लँडो’त (1928) नायक कादंबरीच्या मध्यावर झोपून उठतो तो स्त्री होऊनच, आणि तिथून सर्वनामही बदलतं. पण तिथला चरित्रकार-निवेदक लबाड आहे, त्या बदलाची तो गंमत करतो. तसा निवेदक तुमच्याकडे नसेल तर ती नक्कल अंगाशी येईल.

प्रथमपुरुषी निवेदन वरवर सोपं वाटतं, कारण ‘मी’ला लिंग नाही. पण ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ हे आहेच, आणि त्यात आपली बोली मध्ये येते. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका बिनदिक्कत ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. मुंबईत आणि विदर्भात ‘मी गेली’ ऐकू येतं. आता कोल्हापुरात वाढलेली ट्रान्स स्त्री कशी बोलेल? तिची आई, मावशी, शेजारीण सगळ्या ‘आलो’ म्हणत असतील, तर तिला ‘मी आले’ म्हणायला लावून तुम्ही तिला बाई केलेलं नसतं, पुण्याची केलेलं असतं. तिचं बाईपण तिथे क्रियापदाच्या टोकाशी सापडणार नाही. ते कदाचित समोरच्याने ‘आलीस व्हय?’ विचारण्यात सापडेल. पात्राची बोली आधी ठरवा, लिंगरूप मागाहून.

हाच नियम समाजगटालाही लावावा. हिजडा समाजात आपसांत स्त्रीलिंगी बोलण्याची रीत आहे, गुरू-चेल्याचं नातं आहे, घराणी आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेला, लुगडं नेसणारा जोगता हे वेगळं जग. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’मध्ये ते मराठी कादंबरीत आलं. महाविद्यालयात शिकणारा ट्रान्स पुरुष तिसऱ्याच जगातला, आणि त्याला ‘तृतीयपंथी’ म्हणाल तर तो बहुधा दचकेल. किरणसारखं पात्र या तिन्हींत बसत नाही. शिवाय काळ पाहा. 1985 सालच्या खेड्यातल्या पात्राच्या तोंडी ‘नॉन-बायनरी’ घालता येणार नाही. त्याच्याकडे स्वतःसाठी शब्दच नसेल, आणि शब्द नसताना माणूस स्वतःविषयी कसा बोलतो हे शोधण्यातच कथा आहे.

आता किरणकडे येऊ, कारण खरी कसरत तिथे आहे.

सर्वांत साधा मार्ग असा, की किरणने ‘तो’ किंवा ‘ती’ यांपैकी एक स्वतःहून घेतलं आहे. मराठीत बोलायचं तर काहीतरी एक उचलावंच लागतं, आणि पुष्कळजण तसं उचलतात. कथेत एकदा, तेही बोलण्याच्या ओघात, हे येऊ द्या. ‘“आली म्हण की आला म्हण, मला फरक पडत नाही. पण आईसमोर आली म्हण. तिला तेवढंच पुरतं.”’ एवढ्या तीन वाक्यांत किरण, घर आणि तडजोड तिन्ही कळतात. यात कमीपणा काही नाही. भाषेपुढे झुकलेलं पात्र हे खोटं पात्र नव्हे.

दुसरा मार्ग इंग्रजीतल्या एकवचनी ‘दे’च्या (they) चालीवर सुचतो, तो म्हणजे अनेकवचनी ‘ते’. ‘किरण आले. ते खिडकीपाशी बसले.’ व्याकरण बरोबर, पण चित्र काय उभं राहिलं? बँकेतले किरण कुलकर्णी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. मराठीत ‘ते आले’ हे पुरुषाचं आदरार्थी रूप आहे, आणि जुन्या घरांत तर ‘ते’ म्हणजे नवराच. ज्याला पुरुष म्हणवून घ्यायचं नाही त्याला आपण मोठा, मानाचा पुरुष करून बसतो. पण या मार्गाला पाठ फिरवण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्या. विभक्ती लागली की ‘ते’ आणि ‘त्या’ एक होतात. त्यांना, त्यांनी, त्यांचं, त्यांच्याकडे या रूपांत स्त्री-पुरुष नाही. वयाने किंवा हुद्द्याने आदर घ्यावा असं पात्र असेल, शाळेच्या मुख्याध्यापकपदावरचं समजा, तर ‘त्यांनी फाइल उघडली’, ‘त्यांना हे ठाऊक होतं’ अशा वाक्यांनी कित्येक पानं निभावतात.

तिसरा मार्ग नपुंसकलिंगी ‘ते’. ‘किरण आलं.’ इथे मत देताना मी सावध आहे, कारण हे रूप दुधारी आहे. चौकीतला हवालदार ‘ते बघ आलं’ म्हणतो तेव्हा त्यात माणसाला वस्तू करण्याचा सगळा इरादा असतो, आणि हिजड्यांबद्दल या रूपात बोललेलं आपण सर्वांनी ऐकलेलं आहे. निवेदकाच्या तोंडी ते आलं, की वाचकाला आधी तो हवालदार आठवणार. पण मराठीत नपुंसकलिंगाचा दुसरा सूरही आहे. अनोळखी माणसाबद्दल आपण सहज ‘कुणीतरी आलंय’ म्हणतो. ‘बाईमाणूस एकटं निघालं’ म्हणतो. आजी तिशीतल्या नातवाला ‘दमलं गं माझं लेकरू’ म्हणते. आणि कोकणीत तर लहान-तरुण मुलीबद्दल नपुंसकलिंगात बोलणं हीच रोजची रीत, ‘चेडूं’ हा शब्दच त्या लिंगातला. गोव्यातल्या किंवा तळकोकणातल्या घरात तुमची कथा घडत असेल तर किरणच्या लहानपणी हे रूप घरात फिरत असेलच, आणि मोठेपणी ते सोडायला किरण नकार देऊ शकतं. पाहा, मी इथे ‘शकतं’ लिहिलं आणि वाक्य मोडलं नाही. सबंध कथा या रूपात पेलायची तर आरंभीच कुणीतरी प्रेमाने ते वापरलेलं दिसायला हवं, म्हणजे वाचकाचा कान त्या सुरावर लागतो. पात्राने स्वतः ते निवडलं असेल तर प्रश्नच नाही. नुसती लेखकाची सोय म्हणून मात्र नको.

यातून निघणारी एक युक्ती फार कमी वापरली जाते. नामांना स्वतःचं लिंग असतं, त्याचा आडोसा घेता येतो. ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी, ‘माणूस’ पुल्लिंगी, ‘लेकरू’ नपुंसकलिंगी, माणूस कोणीही असो. वारीत बाई असो की बाप्या, एकमेकांना सगळे ‘माउली’च म्हणतात, आणि ज्ञानेश्वरांची पालखी निघते तेव्हा ‘माउली निघाली’ म्हणताना कुणाची जीभ अडत नाही. किरणला मित्रांनी असं एखादं टोपणनाव दिलं की क्रियापद त्या नावामागून चालेल.

चौथा मार्ग लिंगरूप टाळण्याचा. मराठीत ते वाटतं तेवढं अवघड नाही. भूतकाळातल्या सकर्मक वाक्यात क्रियापद बहुधा कर्माचं ऐकतं, म्हणून ‘किरणने पत्र वाचलं’, ‘किरणने बॅग भरली’ यांत किरणचं लिंग येतच नाही. ‘येईल’, ‘येणार आहे’, ‘येत आहे’ ही रूपंही मोकळी. ‘आपण’, ‘स्वतः’, ‘आपल्या’ मोकळे. ‘तुम्ही आलात’ आणि ‘आम्ही गेलो’ दोन्ही मोकळे, म्हणून पत्ररूप कथा किंवा भावंडांनी मिळून सांगितलेली कथा इथे सोयीची. जुन्या वळणाचं ‘येई’, ‘बसे’, ‘म्हणे’ही मोकळं आहे, पण त्याला गतकाळाचा वास येतो. किरण आयटी कंपनीत काम करत असेल तर ‘किरण लॅपटॉप उघडून बसे’ हसू आणेल.

अडतं ते अकर्मक क्रियापदांशी: उठणं, बसणं, हसणं, येणं, जाणं. आणि सर्वांत जास्त अडतं ‘म्हणणं’. संवाद असलेल्या कथेत ‘म्हणाली’ किती वेळा येतं ते मोजून पाहा, घाबराल. ‘बोलणं’, ‘विसरणं’, ‘शिकणं’ यांनाही कर्म असून कर्त्याचंच लिंग लागतं. तिथे ‘किरणने विचारलं’, ‘किरणने सांगून टाकलं’, ‘किरणचं उत्तर तयार होतं’ असे पर्याय घ्यावेत. नाहीतर ‘म्हणाली’ काढूनच टाकावं. दोनच माणसं बोलत असतील तर कोण बोललं हे बोलण्यावरून कळायला हवं. नाही कळत, तर दोष संवादाचा आहे.

टाळण्याचा एक तोटा आहे. ‘किरणला हसू आलं’, ‘किरणला रडू फुटलं’, ‘किरणची नजर खिडकीकडे गेली’, ‘किरणला वाटलं’ अशी वाक्यं लागोपाठ आली, की किरण काही करेनासं होतं. सगळं किरणला होतं. बुजऱ्या, जगाकडे दुरून पाहणाऱ्या पात्राला हे शोभेल, पण मोर्चात पुढे असणाऱ्या, भांडून नोकरी मिळवणाऱ्या पात्राचा कणा या रचनेत नाहीसा होतो. म्हणून टाळायचंच असेल तर सकर्मक क्रियापदांवर भर द्या. किरणने दार ढकललं, खुर्ची ओढली, फॉर्म परत केला, रकाना खोडला. करणारं पात्र मिळतं आणि गद्यही सुधारतं. अ‍ॅन गारेता या फ्रेंच लेखिकेने 1986 मध्ये ‘स्फिंक्स’ ही आख्खी प्रेमकादंबरी दोन्ही प्रेमिकांचं लिंग न सांगता लिहिली, आणि फ्रेंचमध्येही विशेषणं, कृदंतं लिंग सांगतात. म्हणजे हे होतं. पण तिथे लपवणं हाच कादंबरीचा खेळ होता. तुमचा तो खेळ नसेल तर दहा-बारा पानांपलीकडे वाचकाचं लक्ष किरणवरून उडून तुमच्या कसरतीवर जाईल.

लपवाछपवीचंच आणखी एक टोक म्हणजे शेवटचा धक्का. पंधरा पानं ‘ती’ आणि सोळाव्या पानावर ‘ती बाई नव्हतीच!’ हे करू नये. एका माणसाच्या असण्याचं तुम्ही कोडं केलेलं असतं, आणि वाचकही एकदाच फसतो.

पाचवा मार्ग रूपं बदलती ठेवण्याचा: एका प्रसंगात ‘आला’, दुसऱ्यात ‘आली’. काहीजण स्वतःबद्दल खरोखर असं बोलतात. यात बदलामागचं कारण लेखकाला पक्कं ठाऊक असावं, वाचकाला ते हळूहळू कळलं तरी चालेल. ऑफिसात एक आणि खोलीवर एक, की माणसागणिक? दोन रूपं एकाच परिच्छेदात घ्यायची तर फार ताबा लागतो. नसेल तर वाचक छपाईची चूक समजेल.

नवं सर्वनाम घडवण्याचा सल्लाही कानावर येईल. स्वीडिशमध्ये ‘हेन’ हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम 2015 मध्ये तिथल्या अकादमीच्या शब्दसूचीत दाखल झालं, हे खरं. पण मराठीत नवं सर्वनाम घडवलं तरी त्याच्यामागे क्रियापद कोणतं लावणार? नवा प्रत्ययही घडवावा लागेल. वास्तववादी कथेला ते झेपणार नाही. विज्ञानकथेत जरूर करा. तिथेही उर्सुला ले ग्विन यांचा अनुभव आठवावा. 1969 च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये कायमचं लिंग नसलेल्या माणसांसाठी त्यांनी पुरुषवाचक सर्वनाम वापरलं. आधी त्याचं समर्थन केलं, पुढे स्वतःच ते मत बदललं. त्याच जगातली ‘विंटर्स किंग’ ही कथा 1975 च्या संग्रहात घेताना त्यांनी सर्वनाम स्त्रीवाचक केलं. अ‍ॅन लेकी यांनी 2013 च्या ‘अ‍ॅन्सिलरी जस्टिस’मध्ये सरसकट सर्वांना ‘ती’ म्हटलं, आणि आपण प्रत्येक पात्राला मनात आपोआप बाई किंवा पुरुष ठरवत जातो हे वाचकाला आपलं आपणच कळलं. मराठीत ‘जनरल आली, तिने तलवार उपसली’ असं पानोपान चालवून पाहण्यासारखं आहे.

हाकांविषयी मात्र कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. ‘अरे’ आणि ‘अगं’, वाक्याच्या शेवटचं ‘रे’ आणि ‘गं’, ही मराठीतली सर्वांत नाजूक जागा. क्रियापद चुकवता येतं, पण जवळच्या माणसाला हाक मारायची चुकवता येत नाही. ‘अहो’ मोकळं आहे, पण ते वापरलं की अंतर पडतं. मुलाने वेगळं सांगितल्यापासून वडील ‘अरे’ही म्हणत नाहीत आणि ‘अगं’ही नाही, नुसतं ‘ऐक’ म्हणून बोलायला सुरुवात करतात. किंवा थेट नाव घेतात, जे त्यांनी आधी कधी घेतलेलं नसतं. घरातला अवघडलेपणा दाखवायला याहून जास्त काही लागत नाही. नात्यांचंही तसंच. काकू किरणला ‘दादा’ म्हणायचं टाळून पोरांना ‘किरणला वाढा’ म्हणते, तेव्हा वाचकाला सगळं कळतं.

दुसऱ्यांच्या तोंडी चुकीचं रूप, शिवी, टोमणा येणारच. तो गाळून जग गोड करू नका. पण मोजून द्या. पाच जणांनी पाच वेळा तीच शिवी दिली तर पाचव्यांदा ती तुम्ही देत असता. आणि जे पात्र प्रेम असूनही चुकतं, जीभ चावतं, पुन्हा चुकतं, ते शिव्या देणाऱ्यापेक्षा लिहायला अवघड आणि वाचायला चांगलं असतं.

खर्डा झाला की अशा आयुष्याचा अनुभव असलेल्या कुणालातरी वाचायला द्या, आणि त्या वेळेचा मोबदला द्या. ‘बरं आहे का?’ असं विचारू नका, सगळे बरं आहे म्हणतात. ‘कुठे खोटं वाटलं?’ असं विचारा. त्याआधी लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’, दिशा पिंकी शेख यांच्या कविता, बिंदुमाधव खिरे यांची पुस्तकं वाचून ठेवली तर निम्मे प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

शेवटची खबरदारी छापखान्याची. मराठीतला मुद्रितशोधक कर्तव्यदक्ष असतो, ‘किरण आलं’ दिसलं की तो ‘आला’ करणार, आणि एका ठिकाणी करून दुसऱ्या ठिकाणी विसरणार. म्हणून हस्तलिखितासोबत एक कागद जोडा. कोणत्या पात्राबद्दल निवेदक कोणतं रूप वापरतो, कोणकोणती पात्रं मुद्दाम वेगळं वापरतात, बदल कोणत्या प्रकरणापासून, ते त्यावर लिहा. पाठवण्यापूर्वी संगणकावर ‘म्हणाल’, ‘त्याच’, ‘तिच’, ‘त्याला’, ‘तिला’ एकेक शोधून प्रत्येक जागा स्वतः पाहा. हेच टिपण पुढे अनुवादकाच्या आणि ऑडिओबुक वाचणाऱ्याच्याही कामी येईल. बंगालीत सर्वनामाला लिंगच नाही, हिंदीत क्रियापदाला आहे, तेव्हा तिथे कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे आवळायचा ते त्यांना त्यावरूनच ठरवावं लागणार आहे.